फेरिक सॅलिसिलेटचा जांभळा रंग: द्रावणातील जटिल संयुगाचे सूत्र आणि स्थिरता कशी काढावी

फेरिक क्षाराच्या फिकट द्रावणात सॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकले की क्षणात गडद जांभळा रंग येतो. बारावीच्या प्रयोगवहीत हा रंग फिनॉल गटाची कसोटी म्हणून नोंदवला जातो आणि ‘होकारार्थी’ असा शेरा लिहून विद्यार्थी पुढच्या परीक्षानळीकडे वळतो. प्रत्यक्षात त्या नळीत एक जटिल संयुग, म्हणजे धातूच्या आयनाभोवती इतर रेणू किंवा आयन बांधलेले असलेले संयुग, तयार झालेले असते. त्यात लोहाच्या एका आयनामागे सॅलिसिलेटचे किती रेणू आहेत आणि हे बंधन किती घट्ट आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ते संयुग द्रावणातून वेगळे न काढता साध्या रंगमापकावर (कलरीमीटरवर) मिळू शकतात. हा प्रयोग पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी त्याचा क्रम येथे मांडला आहे. क्रमाइतकेच महत्त्व प्रत्येक पायरीमागच्या कारणाला दिले आहे, कारण या प्रयोगात आकडे सहज मिळतात, परंतु ते कशाचे आकडे आहेत हे बहुधा नीट तपासले जात नाही.

आधी द्रावणात काय घडते ते

पाण्यात फेरिक आयन कधीच एकटा नसतो. त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू बांधलेले असतात. सॅलिसिलिक आम्ल त्यांपैकी दोन रेणूंना हटवून त्यांच्या जागी आपले दोन ऑक्सिजन अणू आणून बसवते. त्यांतील एक कार्बॉक्सिल गटाचा आणि दुसरा शेजारच्या फिनॉल गटाचा असतो. लोहाला दोन बाजूंनी धरल्यामुळे सहा अणूंचे कडे तयार होते. अशा पकडीला कीलेट म्हणतात. जांभळा रंग येतो तो फिनॉलच्या ऑक्सिजनवरील इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून लोहाकडे झेपावतो म्हणून, आणि अशा स्थानांतरामुळे येणारा रंग तीव्र असल्याने अगदी विरल द्रावणातही तो व्यवस्थित मोजता येतो.

या बंधनात सॅलिसिलिक आम्लाचे दोन हायड्रोजन आयन बाहेर पडतात. पुढील सर्व काळजी याच एका गोष्टीभोवती फिरते, कारण समतोलात हायड्रोजन आयन सहभागी असतील तर द्रावणाचा पीएच बदलताच समतोलही बदलतो. पीएच फार कमी असेल तर हायड्रोजन आयन सॅलिसिलेटला लोहाकडे जाऊ देत नाहीत. पीएच वाढवला तर लोह स्वतःच पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रॉक्साइडकडे झुकते आणि शिवाय दुसरा, तिसरा सॅलिसिलेट येऊन चिकटू लागतो. पीएच २ च्या आसपासचा अरुंद पट्टा या प्रयोगाला सोयीचा पडतो तो यामुळेच.

संयुग वेगळे का काढायचे नाही, असा प्रश्न साहजिक आहे. आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये जटिल संयुगांचा सिद्धांत मांडला तेव्हा त्यांच्यासमोर कोबाल्टची अमोनियायुक्त संयुगे होती, आणि ती इतकी संथ असतात की स्फटिक करून, वजन करून त्यांची रचना ठरवता येते. फेरिक आयन मात्र आपले जोडीदार फार वेगाने बदलतो. द्रावण आटवले की प्रमाणे बदलतात, समतोल सरकतो आणि हाती येणारे स्फटिक द्रावणात असलेल्या घटकाचेच असतील याची खात्री राहत नाही. म्हणून मोजमाप द्रावणातच करावे लागते.

माध्यम आणि द्रावणे

सर्वप्रथम एकच सामाईक माध्यम तयार करावे आणि प्रयोगातील प्रत्येक द्रावण त्याच माध्यमात बनवावे. एक लिटरसाठी १०.१ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि १ मोलार नायट्रिक आम्लाचे १० मिलिलीटर घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने खुणेपर्यंत भरावे. यामुळे आम्ल ०.०१ मोलार आणि क्षार ०.१ मोलार होतो. संहत नायट्रिक आम्लापासून सुरुवात करायची असेल तर हातमोजे आणि चष्मा घालून आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये.

पोटॅशियम नायट्रेट कशासाठी? आयनांमधील आकर्षणावर द्रावणातील एकूण आयनांचे प्रमाण परिणाम करते, आणि तो परिणाम सर्व नळ्यांत सारखा राहावा म्हणून हा तटस्थ क्षार भरपूर प्रमाणात घातला जातो. त्याच्या जागी मीठ वापरू नये, कारण क्लोराइड स्वतःच फेरिक आयनाशी सौम्यपणे बांधले जाते. आम्लाचे प्रमाण ०.०१ मोलार ठेवण्यामागेही हिशेब आहे. संयुग तयार होताना बाहेर पडणारे हायड्रोजन आयन जास्तीत जास्त ०.००१ मोलार इतकेच असू शकतात, म्हणजे माध्यमातील आम्लाच्या दहाव्या हिश्श्याइतके, त्यामुळे पीएच जवळपास जागचा हलत नाही. केवळ पाण्यात द्रावणे करून हा प्रयोग केलेला अनेकदा दिसतो. रंग तेव्हाही छान येतो, पण प्रत्येक नळीचा पीएच वेगळा असतो आणि त्या आलेखाचा अर्थ लावणे कठीण होऊन बसते.

लोहासाठी फेरिक अलम, म्हणजेच फेरिक अमोनियम सल्फेटचे बारा रेणू पाणी असलेले स्फटिक घ्यावेत. त्याचा रेणुभार ४८२.२ आहे, म्हणून ०.२४११ ग्रॅम माध्यमात विरघळवून ५०० मिलिलीटर केले की द्रावण ०.००१ मोलार होते. स्फटिक फिकट जांभळे आणि पारदर्शक असावेत. बाटली जुनी असेल तर वरचे स्फटिक पाणी गमावून पांढुरके किंवा तपकिरी झालेले असतात आणि अशा स्फटिकांचे वजन फसवे ठरते. सॅलिसिलिक आम्लाचा रेणुभार १३८.१ आहे, म्हणून ०.०६९१ ग्रॅम घेऊन ५०० मिलिलीटर करावे. साधारण तापमानाला हे आम्ल लिटरमागे दोन ग्रॅमच्या आसपास विरघळते, तेव्हा प्रमाण मर्यादेच्या पुष्कळ आत आहे; मात्र ते विरघळायला वेळ लावते. थोड्या कोमट माध्यमात ढवळून पूर्ण विरघळू द्यावे, थंड करावे आणि मगच फ्लास्क खुणेपर्यंत भरावा.

लोहाच्या द्रावणाची खरी तीव्रता तपासून घेता आली तर उत्तम. पीएच २ ते २.५ च्या दरम्यान, कोमट द्रावणात, ईडीटीए या धातूचे आयन घट्ट पकडणाऱ्या अभिकर्मकाने अनुमापन करता येते, आणि त्यात दर्शक म्हणून हेच सॅलिसिलिक आम्ल चालते. ईडीटीएची लोहावरील पकड सॅलिसिलेटपेक्षा कितीतरी घट्ट असल्याने शेवटच्या थेंबाला जांभळा रंग नाहीसा होऊन फिकट पिवळसर छटा उरते.

तरंगलांबी निवडणे

लोह आणि सॅलिसिलिक आम्ल यांची पाच-पाच मिलिलीटर द्रावणे मिसळावीत, रंगमापकाचे शून्य माध्यमावर लावावे आणि ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत दर २० नॅनोमीटरला अब्सॉर्बन्स, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते ते दाखवणारा आकडा, नोंदवावा. सर्वाधिक आकडा ५२५ ते ५३० च्या आसपास येतो. तेथे ५ नॅनोमीटरच्या अंतराने पुन्हा वाचून शिखर नक्की करावे. फिल्टरचा साधा कलरीमीटर असेल तर ५२० चा हिरवा फिल्टर वापरावा. प्रकाश दृश्य पट्ट्यातला असल्यामुळे क्वार्ट्झची गरज नाही, काचेचे किंवा प्लॅस्टिकचे क्युव्हेट पुरते. ते खरखरीत बाजूंनी धरावे आणि संपूर्ण प्रयोगात एकच क्युव्हेट एकाच दिशेने ठेवावे. शिखरावर वाचन घेण्याचे कारण संवेदनशीलतेपुरते मर्यादित नाही. शिखराचा माथा सपाट असतो, त्यामुळे यंत्राची तरंगलांबी एखाद्या नॅनोमीटरने घसरली तरी आकडा फारसा बिघडत नाही. उतारावर मात्र तेवढ्यानेही फरक पडतो.

जॉबची पद्धत

पॉल जॉब यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आजही पदव्युत्तर प्रात्यक्षिकांत ठाण मांडून आहे. दोन ब्युरेटमध्ये दोन द्रावणे भरावीत आणि अकरा स्वच्छ, कोरड्या नळ्या ओळीने मांडाव्यात. पहिल्या नळीत लोह ० आणि सॅलिसिलिक आम्ल १० मिलिलीटर, दुसरीत १ आणि ९, तिसरीत २ आणि ८, असे करत शेवटच्या नळीत लोह १० आणि आम्ल ० घ्यावे. एकूण आकारमान आणि दोन्ही घटकांच्या मोलची बेरीज प्रत्येक नळीत कायम राहते, बदलते ते केवळ त्यांचे आपापसांतील प्रमाण. नळ्या हलवून दहा मिनिटे एकाच तापमानाला ठेवाव्यात आणि मग एकाच बैठकीत सर्व वाचने घ्यावीत. उरलेल्या नळ्या दुसऱ्या दिवशी वाचू, असे म्हणून ठेवू नयेत.

पहिल्या आणि शेवटच्या नळीचा अब्सॉर्बन्स शून्याच्या जवळ असायला हवा. तसा नसेल तर ती पार्श्वभूमी समजून प्रमाणानुसार वजा करावी. उदाहरणार्थ, निव्वळ लोहाच्या नळीचा आकडा ०.०१० असेल तर ४ मिलिलीटर लोहाच्या नळीतून ०.००४ वजा होतील. त्यानंतर आडव्या अक्षावर लोहाचा मोल अपूर्णांक (दोन्ही घटकांच्या एकूण मोलमधील लोहाचा वाटा) आणि उभ्या अक्षावर दुरुस्त अब्सॉर्बन्स घेऊन आलेख काढावा.

आलेख कसा दिसावा याचा अंदाज यावा म्हणून एक गणिती उदाहरण घेऊ. स्थिरता स्थिरांक (बंधनाच्या घट्टपणाचे माप) ५,००० आणि मोलर शोषणगुणांक (संयुगाच्या एक मोलार द्रावणाचा एक सेंटीमीटर जाडीतील अब्सॉर्बन्स) १,५०० धरला, तर ०.१, ०.२, ०.३, ०.४ आणि ०.५ या मोल अपूर्णांकांना अब्सॉर्बन्स अनुक्रमे ०.१२, ०.२३, ०.३२, ०.३८ आणि ०.४० येतो आणि पलीकडे तीच उतरंड उलट क्रमाने दिसते. माथा ०.५ वर आहे, म्हणजे लोह आणि सॅलिसिलेट यांचे प्रमाण १:१. हाच माथा ०.३३ वर आला असता तर १:२, आणि ०.२५ वर आला असता तर १:३. यामागचे गणित साधे आहे: दोन संख्यांची बेरीज ठरलेली असेल तर त्यांचा गुणाकार त्या समान असताना सर्वांत मोठा होतो.

आता त्याच आकड्यांत ०.४ आणि ०.५ यांमधील फरक पाहावा. तो अवघा ०.०२ आहे. म्हणजे ब्युरेटमधील किरकोळ चूक किंवा क्युव्हेटवरील बोटाचा ठसाही माथा इकडचा तिकडे नेऊ शकतो. यासाठी सर्वांत उंच ठिपका बघून निकाल न लिहिता दोन्ही टोकांकडील पहिल्या दोन-तीन बिंदूंमधून सरळ रेषा ओढाव्यात आणि त्या जेथे छेदतात तेथील मोल अपूर्णांक घ्यावा. छेदबिंदू ०.५२ किंवा ०.५३ कडे सरकला असेल, तर संयुगाच्या सूत्रावर शंका घेण्याआधी लोहाच्या द्रावणावर घ्यावी. ते दहा टक्क्यांनी विरल असले तर नेमके असेच सरकणे दिसते.

आलेखाचा आकारही बोलका असतो. बंधन अतिशय घट्ट असेल तर आलेख तंबूसारखा टोकदार येतो. बंधन सैल असेल तर माथा गोलावतो, कारण मधल्या नळ्यांत बराच हिस्सा न बांधलेला राहतो. वरील उदाहरणात मधल्या नळीत केवळ ५४ टक्के लोह संयुगात आहे.

स्थिरता स्थिरांक, आणि एक पक्की सवय झालेली चूक

संयुगाची तीव्रता भागिले मोकळ्या लोहाची आणि मोकळ्या सॅलिसिलेटची तीव्रता, म्हणजे स्थिरता स्थिरांक. मधल्या नळीत दोन्ही घटक ०.०००५ मोलार आहेत, म्हणून संयुग किती हे कळले की बाकी वजाबाकीने मिळते. प्रश्न असा की अब्सॉर्बन्सवरून संयुगाची तीव्रता काढण्यासाठी मोलर शोषणगुणांक हवा, आणि तो आणायचा कोठून?

पुष्कळ प्रयोगपुस्तिका येथे एक सोपी वाट सुचवतात. दोन सरळ रेषा छेदतात त्या बिंदूची उंची म्हणजे सर्व लोह संयुगात गेले असते तर मिळाला असता तो अब्सॉर्बन्स, असे मानायचे आणि प्रत्यक्ष वाचनाला त्याने भागायचे. घट्ट संयुगाला हे चालते, आपल्या संयुगाला चालत नाही. आलेखाच्या अगदी टोकाशी एक घटक विपुल असला तरी तो ०.००१ मोलारच असतो, आणि स्थिरांक ५,००० असताना तेवढ्याने दुसऱ्या घटकाचा ८३ टक्के हिस्साच बांधला जातो. त्यामुळे छेदबिंदूची उंची ०.७५ यायला हवी तेथे ०.६२५ येते. तो आकडा वापरून हिशेब केला तर स्थिरांक १०,००० च्या घरात निघतो, म्हणजे खऱ्याच्या दुप्पट. वाचन अचूक, आलेख सुबक आणि उत्तर दुप्पट, अशी ही चूक असल्यामुळे ती वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस येत नाही.

त्याऐवजी शोषणगुणांक स्वतंत्रपणे काढावा. सॅलिसिलिक आम्लाचे तेच ०.०६९१ ग्रॅम वजन ५०० ऐवजी १०० मिलिलीटर माध्यमात घेतले की ०.००५ मोलार द्रावण मिळते. त्याच्या ८ मिलिलीटरमध्ये लोहाचे २ मिलिलीटर मिसळावेत. आता लोह ०.०००२ मोलार आहे आणि सॅलिसिलिक आम्ल त्याच्या वीसपट. आपल्या उदाहरणात येथे अब्सॉर्बन्स ०.२८५ येईल आणि त्यावरून शोषणगुणांक १,४२५ निघेल. हाही थोडा कमीच आहे, कारण एवढ्या आधिक्यातही पाच टक्के लोह मोकळे राहते. मात्र ही त्रुटी हिशेबाने काढता येते. १,४२५ वापरून मधल्या नळीवरून स्थिरांक काढला तर तो सुमारे ६,००० येतो. त्या स्थिरांकाने आधिक्याच्या नळीत किती लोह बांधले गेले ते पाहावे: सुमारे ९६ टक्के. शोषणगुणांक त्यानुसार वाढवून १,४८७ करावा आणि स्थिरांक पुन्हा काढावा: आता तो ५,१५० च्या आसपास येतो. आणखी एक-दोन फेऱ्यांत आकडे स्थिरावतात.

संगणक हाताशी असेल तर अधिक चांगला मार्ग म्हणजे एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये सर्व नळ्यांसाठी संयुगाची तीव्रता वर्गसमीकरणाने काढणे आणि मोजलेले व हिशेबाचे आकडे यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज किमान होईल असा स्थिरता स्थिरांक आणि शोषणगुणांक सॉल्व्हरकडून शोधून घेणे. यात सर्व वाचनांचा उपयोग होतो आणि एखादी बिघडलेली नळी लगेच उघडी पडते. बेनेसी आणि हिल्डेब्रँड यांची १९४९ची दुहेरी व्यस्त आलेखाची पद्धतही पुस्तकांत भेटते. ती तुलनेने सैल संयुगांसाठी आहे. येथे लिगंड (लोहाला बांधणारा घटक, म्हणजे सॅलिसिलेट) भरपूर घ्यावा तर जवळजवळ सर्वच लोह बांधले जाते आणि वाचनांत पुरेसा फरक उरत नाही, म्हणून या संयुगासाठी तिच्या नादी लागू नये.

मिळालेला आकडा आणि पुस्तकातला आकडा

कोष्टकात फेरिक सॅलिसिलेटचा स्थिरांक १० च्या १६व्या घाताच्याही वर दिलेला आढळतो आणि आपला आकडा काही हजारांत असतो. यात काही बिघडलेले नाही. कोष्टकातील आकडा दोन्ही हायड्रोजन गमावलेल्या सॅलिसिलेटसाठी असतो. पीएच २ ला तशा सॅलिसिलेटचे अस्तित्व नगण्य आहे, कारण कार्बॉक्सिलचा पीके (ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा त्या गटावरील हायड्रोजन सुटलेला असतो तो आकडा) सुमारे ३ असला तरी फिनॉलचा १३ च्याही पुढे आहे. आपण मोजतो तो त्या पीएचपुरता, त्या माध्यमापुरता सोपाधिक स्थिरांक. म्हणून निकाल लिहिताना पीएच, क्षाराची तीव्रता आणि तापमान या तिन्ही गोष्टी आकड्याच्या शेजारी लिहाव्यात. त्यांच्याशिवाय लिहिलेला स्थिरांक दुसऱ्या कोणाला पडताळून पाहता येत नाही.

एकच संयुग आहे का?

जॉबची पद्धत द्रावणात एकच संयुग आहे असे गृहीत धरते, सिद्ध करत नाही. वॉसबर्ग आणि कूपर यांनी १९४१ मध्ये सुचवलेली तपासणी सोपी आहे: त्याच अकरा नळ्या ४८०, ५२५ आणि ५८० नॅनोमीटरला वाचाव्यात. माथा तिन्ही वेळा ०.५ वरच राहिला तर गृहीतक टिकते. तरंगलांबीगणिक सरकला तर एकाहून अधिक संयुगे रंगात वाटा घेत आहेत असे समजावे. याच्या जोडीला यो आणि जोन्स यांची मोल-गुणोत्तर पद्धत करावी. तीत लोह कायम ठेवून सॅलिसिलिक आम्ल वाढवत न्यायचे असते. मात्र आपल्या सैलसर संयुगाला तीत ठळक कोपरा दिसत नाही, नुसता वाकत जाणारा वक्र दिसतो.

एकाहून अधिक संयुगे म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहायचे असेल, तर सॅलिसिलिक आम्लाच्या आधिक्याची जांभळी नळी घ्यावी, त्यात विरल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालावे, प्रत्येक थेंबानंतर हलवावे आणि अधूनमधून पीएच पाहावा. पीएच ४ च्या पुढे जांभळा रंग तांबूस होऊ लागतो, कारण दुसरा सॅलिसिलेट येऊन बसतो. अल्कधर्मी बाजूला द्रावण पिवळे होते, तेव्हा लोहाभोवती तीन सॅलिसिलेट असतात. हे सॅलिसिलेटचे आधिक्य नसलेल्या नळीत करू नये, तेथे संयुगाऐवजी हायड्रॉक्साइडचा तपकिरी गाळ पडतो. तांबूस टप्प्यावर थांबून त्याच पीएचच्या बफरमध्ये जॉबची मालिका पुन्हा मांडायची असेल, तर बफर फॉस्फेटचा किंवा सायट्रेटचा घेऊ नये, कारण दोघेही लोह पळवतात. अ‍ॅसिटेटही थोडेफार बांधले जाते, पण त्यातल्या त्यात तेच चालवून घ्यावे आणि अहवालात तसे नमूद करावे.